तीन वेळा हॅलो

आमची आत्या फोनवर हॅलो म्हणायची ती मोजून तीन वेळा. पहिलं गोड, दुसरं जरा चढ्या आवाजात, तिसरं दटावून, आणि तरी पलीकडून उत्तर आलं नाही की रिसीव्हर खाली. समोरच्याला ठसका लागला असेल, घास तोंडात असेल, तिला त्याचं काही देणंघेणं नसायचं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं ऑपरेटरची नोकरी केलेली बाई ती. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी तिच्या अंगातली ड्यूटी काही उतरली नव्हती.

तिचं ते एक्स्चेंज मी लहानपणी एकदा पाहिलं होतं. भिंतभर बोर्ड, त्यावर शेकडो भोकं आणि चिमुकले दिवे, समोर उंच स्टुलांवर बसलेल्या बायका, प्रत्येकीच्या डोक्यावर हेडफोन. दिवा लागला की त्या भोकात दोरी खुपसायची, नंबर विचारायचा, चिठ्ठीवर लिहायचा आणि दुसरी दोरी दुसऱ्या भोकात लावायची. बोलणं संपलं की चिठ्ठीवर 'पूर्ण' असा शेरा. दोरी लावली आणि पलीकडून कुणी बोलतच नसेल, तर ती गप्प लाइन. तीन वेळा हॅलो म्हणायचं आणि दोरी ओढायची, कारण तेवढ्यात आणखी दहा दिवे लागलेले असायचे. दुसरा नियम त्याहून कडक होता. एका दोरीवर एकच बोलणं. दोन बोलणी एकमेकांत मिसळली की सुपरवायझरबाई सगळ्यांसमोर उभं करून झाडायच्या. आत्याला चौतीस वर्षांत एकदाही उभं राहावं लागलं नाही, हे तिने मला निदान शंभर वेळा सांगितलं आहे.

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, अगदी उलट. सावकाश माणूस. तरुणपणी ते इतके अडखळत बोलायचे की स्वतःचं नाव सांगताना घामाघूम व्हायचे. मग कधीतरी त्यांनी स्वतःच श्वासाचे, शब्दांचे, थांबण्याचे काहीबाही प्रयोग केले, त्यातून बरेच सुधारले आणि पुढे आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवत राहिले. बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या आणि एक आरसा, एवढीच त्यांची शाळा. घरी येऊ न शकणाऱ्यांसाठी त्यांनी धडे कॅसेटवर बोलून ठेवले होते. एकशे चाळीस कॅसेट, एकशे चाळीस धडे. त्यांनी आत्याला फोनवर मागणी घातली आणि ती घालायला त्यांना अकरा मिनिटं लागली, ही आमच्या घरातली जुनी गंमत. कुणी तयार व्हायला उशीर केला की, "झाली का काकांची अकरा मिनिटं?" असं विचारायचे, आणि काका स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसायचे.

काका जाऊन चार वर्षं झाली. त्या चार वर्षांत आत्याने त्यांचा एकही धडा ऐकला नव्हता. ऐकवत नाही, म्हणायची. पण ते धडे लोकांपर्यंत जायलाच हवेत, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. काकांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून दिल्या आणि टॉरेंट नावाचं प्रकरण तिच्या घरी सुरू करून दिलं. तिला नीट समजावून सांगितलं आणि तो जहाजावरच्या नोकरीवर निघून गेला. नंतर त्याचा पत्ता नाही. एक प्रत तो माझ्या पेन ड्राइव्हवर टाकून गेला, म्हणून धडे नाहीसे होण्याची भीती तेवढी नव्हती.

हे टॉरेंट म्हणजे काय, ते मला जेवढं कळलं तेवढं सांगते. धडे कुठल्या मोठ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर नसतात, ते आत्याच्याच टेबलावरच्या कॉम्प्युटरवर असतात. ज्याला हवे असतील तो तिच्याकडून तुकड्या-तुकड्यांनी घेतो, आणि मिळालेले तुकडे पुढे दुसऱ्यांना देतो. पण एखादा तुकडा आत्याकडून कुणाकडेच गेला नसेल, तर सगळेच्या सगळे त्याच्यासाठी खोळंबतात. आत्याला ही कल्पना फार पसंत पडली. "म्हणजे एक्स्चेंजच की," ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून ड्यूटीवर हजर झाली. सकाळी दहाला कॉम्प्युटर चालू, संध्याकाळी पाचला बंद. समोर रेघा मारलेली वही. कोण आलं, कधी आलं, कधी गेलं, सगळं लिहून ठेवायचं. धड्यांसोबत जे माहितीचं पान जातं त्यावर तिने घरचा फोन नंबरही टाकला. मी कपाळावर हात मारून घेतला. "आत्या, अख्ख्या जगाला नंबर दिलास!" तर म्हणते, "ज्याने लाइन मागितली, त्याला परत फोन करायला नंबर नको?"

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा नीट बसतोय का ते बघायचं. दुकान सोमवारी बंद, म्हणून दर सोमवारी मी आत्याकडे. चार तारखेच्या सोमवारी गेले तर ती दारातच उभी होती.

"छकुले, आधी आत ये. चप्पल नंतर काढ."

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीही मी तिची छकुलीच आहे. आत जाऊन पाहिलं तर धड्यांच्या पानाखाली कुणीतरी निरोप लिहिला होता. गोदामात माल चढवणारा माणूस. पाठ दुखावल्यामुळे त्याचं उचलण्याचं काम बंद झालं होतं, आणि मालकाने त्याला ऑफिसात फोन घेण्याच्या कामावर बसवायचं ठरवलं होतं. अठरा तारखेपासून. जमलं नाही तर नोकरी संपली. तो लहानपणापासून अडखळत बोलायचा. काकांचे एकशे एकतीस धडे त्याने केले होते. शेवटचे नऊ राहिले होते, आणि नेमके तेच नऊ फोनवर बोलण्याचे होते. 'गेले तीन आठवडे पुढे काहीच येत नाही. इथे सगळेच त्याच ठिकाणी थांबले आहेत. कृपा करून बघाल का?' एवढंच त्याने लिहिलं होतं; नाव नाही, नंबर नाही.

आत्याचा चेहरा पडला होता. "माझ्या बोर्डावर लाइन अर्धी राहिली," ती म्हणाली. "आजवर असं झालं नाही गं."

मी ऐटीत खुर्ची ओढली. कॉम्प्युटरचं मला फार कळतं असं नाही, पण आत्यापेक्षा जास्त कळतं असा माझा समज होता. पडद्यावर खाली अपलोडचा, म्हणजे इथून बाहेर किती जातंय त्याचा आकडा दिसत होता. तीन. मध्येच चार. परत तीन.

"तीन काय?" मी विचारलं.

"ते तू सांगायचंस."

तीन केबी होते ते, सेकंदाला. आत्याकडे इंटरनेट जोडून देणाऱ्या वायरवाल्याने तर शंभरचं कनेक्शन दिलं होतं. शंभरातले तीनच का जातात? मी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. तीन. भिंतीवरचा इंटरनेटचा लुकलुकणारा डबा बंद करून पुन्हा चालू केला. तीन. मग मला राग आला. न कळणाऱ्या गोष्टींचा मला नेहमीच राग येतो, आणि राग आला की मी फोन लावते.

इंटरनेट कंपनीच्या बाईने फार गोड आवाजात मला डबा बंद करून चालू करायला सांगितलं. केलाय, म्हटलं. पुन्हा करा, म्हणाली. मग म्हणाली की तुमच्या लाइनीवर आम्हाला काहीच दोष दिसत नाही, अजून काही मदत करू का? आधी काही केली असती तर अजूनचा प्रश्न आला असता, असं मी म्हणणार होते, पण आत्याने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि त्या बाईचे आभार मानून ठेवून दिला. एका ऑपरेटरला दुसऱ्या ऑपरेटरबद्दल फार कणव.

बुधवारी वायरवाला आला. त्याने खिशातलं यंत्र वायरीला लावलं आणि मान हलवली. "मावशी, शंभर हे घ्यायचे. द्यायचे पाचच. सगळ्यांनाच असं असतं. लोकांना घ्यायचंच असतं, देतंय कोण?"

आत्याने मला दुकानात फोन करून हे शब्दशः ऐकवलं. शंभर घ्यायचे आणि पाच द्यायचे, हे तिला एखाद्या माणसाबद्दल सांगावं तसं लागलं होतं. मला वाटलं, चला, कोडं सुटलं. पण संध्याकाळी आमच्या घरी मी हे सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "अगं, पण पाच म्हणजे पाच मेगाबिट. तुमचे तीन ते किलोबाइट. पाचाच्या हिशोबानेसुद्धा सहाशेच्या आसपास जायला हवेत."

"पाच कसे सहाशे होतील?"

त्यांनी कागदावर करून दाखवलं. आठाने भागलं, हजाराने गुणलं. मला त्यातलं एवढंच कळलं की सहाशे जायला हवेत आणि तीन जातायत. म्हणजे वायरवाल्याचं खरं असूनही ते कारण नव्हतं. खरी गोष्टही कारण नसते, हे मला त्या दिवशी नव्यानेच समजलं.

मग ह्यांनी स्वतःचं एक कारण काढलं. म्हणे बाहेरून येणाऱ्यांना आत्याच्या घराचं दारच सापडत नसेल, पोर्ट बंद असेल. शनिवारी ते स्वतः गेले, दोन तास त्या डब्याच्या पोटात बोटं घालून बसले आणि दार उघडून आले. आकडा पाच झाला. हे जिंकल्यासारखे चहा प्यायले. रविवारी तो परत तीन.

मी इंटरनेटवरही वाचलं. एकाने लिहिलं होतं, घेणारे कमी असले की वेग कमीच असतो. दुसऱ्याने लिहिलं होतं, घेणाऱ्याचीच लाइन हळू असेल तर तुम्ही काय करणार. तिसऱ्याने लिहिलं होतं की वेग फार वाढवाल तर उलट तुमचंच घेणं मंदावेल. चौथा म्हणाला, धीर धरा. प्रत्येकाचं पटत होतं आणि सगळ्यांचं मिळून डोकं भणभणत होतं. फुकट वाटायला बसलोय, घेणारे हात पसरून उभे आहेत, आणि मधल्या मध्ये काहीतरी अडतंय, ते काय, हे कुणाला म्हणजे कुणालाच सांगता येत नव्हतं.

त्यात आत्याच्या घरी कुणीतरी मुद्दाम फोन करून छळत होतं. तीन आठवड्यांत सात वेळा. फोन वाजायचा, पलीकडून आवाज नाही. ही तीनदा हॅलो म्हणून आपटायची.

"दे आणखी जगाला नंबर," मी म्हणाले.

"दिला तर दिला. गप्प बसायला फोन कशाला करायचा माणसाने?"

अकरा तारखेचा सोमवार उजाडला. अठरा आणखी एका आठवड्यावर. आत्या नीट जेवत नव्हती. "तो बिचारा फोनसमोर बसेल आणि तोंडातून शब्द फुटणार नाही," असं दिवसातून चारदा म्हणायची, जणू तो तिच्या ओळखीचा कुणी होता. मी ठरवलं, आज काही दुरुस्त करायचं नाही. नुसतं शेजारी बसायचं आणि ही दिवसभर काय करते ते बघायचं. हे आधीच करायला हवं होतं, पण मला बघण्यापेक्षा बोलायची घाई.

दहा वाजता आत्या ड्यूटीवर बसली. चष्मा पुसला, पेन काढलं, वहीवर तारीख टाकली. पडद्यावर यादी आली. प्रत्येक ओळ म्हणजे कुठलातरी एक माणूस. नावं नाहीत, नुसते आकडे, आणि पुढे किती टक्के झालं ते. एका ओळीपुढे तीन केबी. बाकी दोघांपुढे शून्य. आत्याने तिघांचे आकडे वहीत उतरवले, वेळ लिहिली आणि घड्याळाकडे बघत बसली. थोड्या वेळाने तिने एका शून्यवाल्या ओळीवर माऊस नेला, काहीतरी दाबलं, आणि ती ओळ नाहीशी झाली. वहीत त्या आकड्यापुढे तिने लाल पेनने खूण केली.

"हे काय केलंस?"

"गप्प लाइन होती. काढली."

मला आधी कळलंच नाही. मी वही ओढून घेतली. पानामागून पान. सुंदर अक्षर, सरळ रेघा, आणि जागोजागी लाल खुणा.

"आत्या, ह्या सगळ्या तू काढल्यास?"

"एकतीस झाल्या. माऊसचं उजवं बटण दाबलं की यादी येते, त्यात ब्लॉक असं असतं. ते दाबायचं. नुसते येऊन बसतात गं, घेत नाहीत, बोलत नाहीत. दुसऱ्यांची जागा अडते."

मी सेटिंगचं पान उघडलं. एका वेळी किती जणांना द्यायचं, असा एक चौकोन होता. त्यात एक असं लिहिलेलं.

"आणि हे?"

"तिथे आधी आठ होते. मी एक केलं." तिच्या आवाजात थोडा अभिमानच होता. "एका दोरीवर आठ बोलणी लावली असती त्याने. उद्या एकाचा धडा दुसऱ्याच्या कानात गेला असता."

मग मात्र माझा पारा चढला. "अगं, तूच एकाला द्यायचं ठरवल्यावर बाकीचे गप्पच बसणार ना! ते रांगेत उभे होते, आत्या. तू त्यांना नंबर लागू दिला नाहीस, आणि वर ते बोलत नाहीत म्हणून हाकलून दिलंस. आणि जो एक राहिला त्याची स्वतःचीच लाइन रडतखडत चालणारी, म्हणून तीन! गेला आठवडाभर मी जगाशी भांडतेय, त्या डब्याशी भांडतेय, आणि कारण इथे रेघा मारलेल्या वहीत!"

मी बरंच बोलले. एवढं बोलायला नको होतं. आत्याने लाल पेनला टोपण लावलं आणि ते टेबलावर ठेवलं. मला वाटलं, आता ती रागावेल आणि मलाच दोन शब्द सुनावेल. ती वहीतल्या लाल खुणांवरून बोट फिरवत राहिली.

"त्या गोदामातल्या माणसाचीही ह्यात असेल का गं?"

"असणारच."

"तो थांबला असेल. मी काहीतरी देईन म्हणून."

मी वही मिटायला गेले, तिने ती मिटू दिली नाही.

"तुला काकांची अकरा मिनिटं माहीत आहेत," ती म्हणाली. "त्याच्या आधीची चार माहीत नाहीत. तेव्हा मी नोकरीला नवीन. एका दुपारी दिवा लागला, मी दोरी लावली. तीनदा हॅलो म्हटलं. काही नाही. नियमाने ओढायलाच हवी होती. पण श्वास ऐकू येत होता, छकुले. कुणीतरी आहे आणि त्याला बोलायचंय, एवढं कळत होतं. सुपरवायझर दुसऱ्या टोकाला होती. मी थांबले. चार मिनिटांनी त्याने नंबर सांगितला. त्याची आई दुसऱ्या गावी आजारी होती. आठ दिवस तो रोज फोन करत होता आणि आम्ही बायका रोज त्याची दोरी ओढत होतो. कदाचित मीसुद्धा ओढली असेल. ते त्यांनी मला कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही."

ती रडली नाही. मला मात्र रडू आलं, आणि मघाच्या माझ्या आरडाओरड्याची लाज वाटली.

"एकतीस माणसं," ती म्हणाली. "ह्यांचे धडे, आणि मीच..."

मी चौकोनातला एक पुसून पुन्हा आठ लिहिले. ब्लॉकची यादी शोधायला मला अर्धा तास लागला, पण सापडली. एकतीसच्या एकतीस काढून टाकल्या. आणि मग काहीच झालं नाही. आकडा तीनच. मी मनात त्या कॉम्प्युटरला शिव्या घालत स्वयंपाकघरात गेले. चहाचं आधण ठेवलं तोच आतून हाक आली.

"छकुले, ब्याण्णव! नाही, दोनशे चाळीस! अगं, हे बरोबर आहे का?"

एकेक ओळ परत येत होती. सहा, अकरा, सतरा. सगळ्यांचे टक्के त्याच एका ठिकाणी अडलेले, आणि सगळ्यांचे एकदम हलायला लागले. काही ओळींपुढे अजून शून्यच होता. आत्याची नजर त्यांच्यावर गेली की तिचा हात माऊसकडे जायचा आणि मागे यायचा. शेवटी तिने तो हात मांडीखाली दाबून ठेवला.

तसंच बसून राहण्यापेक्षा मी म्हटलं, शेवटचा धडा लावू का? ती नको म्हणाली नाही. मी एकशे चाळिसावा लावला. काकांचा आवाज खोलीत आला, तसाच, थांबत थांबत. ते सांगत होते, की आता एखाद्या अनोळखी माणसाला फोन करा. तुम्हाला वेळ लागेल. पलीकडचा माणूस फोन ठेवेल. पुन्हा करा. पुन्हा ठेवेल. कोणीतरी एक जण ठेवणार नाही. आत्याने पदर तोंडाला लावला आणि धडा संपेपर्यंत तशीच बसली. त्या संध्याकाळी पाच वाजता तिने पहिल्यांदा कॉम्प्युटर बंद केला नाही.

मंगळवारी सकाळी दुकानात फोन आला. "शून्य झालंय!"

"कसं शून्य?"

"शून्य म्हणजे शून्य. काल सहाशेपर्यंत गेला होता. आज ड्यूटीवर बसले तर शून्य. बावीस लाइनी आहेत, सगळ्या गप्प. मी कुणाला हात लावलेला नाही, तुझ्या गळ्याची शपथ."

मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, सगळ्यांचं पूर्ण झालं असेल, आता कुणाला काही नको असेल, म्हणून शून्य. पण हे तर शनिवारी पोर्टबद्दलही एवढ्याच खात्रीने बोलले होते. तीन आला तरी काळजी, सहाशे आले तरी विश्वास बसेना, आणि आता शून्य म्हणजे चांगलं म्हणायचं की वाईट? चांगलं झालं आणि सगळं बंद पडलं, ह्या दोन्ही गोष्टी पडद्यावर सारख्याच दिसत असतील तर माणसाने ओळखायचं कसं? आत्याने धड्यांच्या पानाखाली निरोप लिहिला, 'मिळालं का?' त्यालाही उत्तर नाही. बुधवार गेला, गुरुवार गेला. ती रोज दहाला बसायची आणि शून्याकडे बघायची.

रविवारी दुकान अर्धा दिवस असतं. सतरा तारीख. मी दुपारी गेले तेव्हा आत्या वहीवर हात ठेवून बसली होती. उद्या अठरा, असं ती म्हणाली नाही, मीही म्हणाले नाही. मी चहा ठेवला, तेवढ्यात फोन वाजला.

"हॅलो," आत्या म्हणाली. गोड. मग थोडं थांबून, "हॅलो?" चढ्या आवाजात. मग तिसरं.

पलीकडून काहीच नाही. मी पाहिलं, तिचा हात सवयीने रिसीव्हर खाली नेत होता. अर्ध्या वाटेवर तो थांबला. तिने रिसीव्हर पुन्हा कानाला लावला आणि डोळे मिटले.

"हॅलो," ती म्हणाली. चौथ्यांदा. "मी आहे इथे. सावकाश बोला. मला काही काम नाही."

मी गॅस बंद करून येऊन उभी राहिले. खोलीत इतकी शांतता होती की मलाही पलीकडचा श्वास ऐकू येत होता. आत्या हलली नाही. मध्येच एकदा फक्त "हं," म्हणाली, ऐकतेय हे त्याला कळावं म्हणून. मग पलीकडे कुठलंसं अक्षर उमटलं, अडकलं, परत उमटलं.

"ध... ध... धडा एकशे... चाळीस."

"मिळाला?" आत्याने विचारलं.

"स... सगळे. सगळ्यांना. हा... घरचा अभ्यास. अनो... अनोळखी माणसाला..." आणि बऱ्याच वेळाने, "आधी... पण... केले होते. सात."

"ते तुम्ही होतात," आत्या म्हणाली. "मी ठेवला फोन. सातही वेळा मीच ठेवला. माझं चुकलं."

पुढचं मला सगळं ऐकू आलं नाही. ती मान डोलवत होती, मध्ये मध्ये थांबत होती, आणि एकदा हसलीसुद्धा. उद्या किती वाजता जायचंय, तेही तिने विचारलं. फोन ठेवला तेव्हा तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं. कॉम्प्युटरवर अजून शून्यच होता. तिने तिकडे पाहिलंही नाही. तिने वही पुढे ओढली, घड्याळ बघून वेळ लिहिली, चौदा मिनिटं, आणि त्याच्यापुढे निळ्या पेनने लिहिलं, पूर्ण.